बेकर मॅकेन्झी म्हापशाच्या कोर्टात उभी राहणार नाही

गेले काही दिवस गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: बेकर मॅकेन्झी ही जगातली बडी लॉ कंपनी इंग्रजांनी आपल्या साम्राज्यासाठी काढली. तिचा मालक एकच आहे. सरकारने आता अशा कंपन्यांना आपल्या कोर्टांची दारे सताड उघडली आहेत. गोव्यातल्या जमिनींची कामेही त्या पळवणार. आपल्या वकिलांना कुवत नसल्यामुळे अशा फर्मा कधी उभारता आल्या नाहीत, तेव्हा मुलांना वकिलीला घालू नका.

शेजारची मुलगी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हा मेसेज घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, खरंच सोडू का?" म्हापशाला, बार्देश तालुक्यात, इतकी वर्षे वकिली केल्यावर या प्रश्नाला गप्प राहून चालणार नाही.

इंग्रजांचा या फर्मशी काही संबंध नाही. रसेल बेकर आणि जॉन मॅकेन्झी या दोघा अमेरिकनांनी ती १९४९ मध्ये शिकागोत काढली. बेकर न्यू मेक्सिकोत वाढला आणि शिकागोतल्या मेक्सिकन लोकांची कामे करत वकिलीत स्थिरावला. परदेशातले पहिले ऑफिस १९५५ मध्ये उघडले ते व्हेनेझुएलातल्या काराकासला. तिथे ब्रिटिश साम्राज्य कुठून आले? इंग्रजांच्या राज्यात मुंबईत निघालेल्या फर्मा वेगळ्याच आहेत, क्रॉफर्ड बेली १८३० ची आणि लिटल अँड कंपनी १८५६ ची. दोन्ही आज भारतीय वकील चालवतात.

मालकाचे म्हणाल तर अशा फर्मचे मालक तिचे भागीदार असतात. १९९९ मध्ये बेकर मॅकेन्झीच्या अध्यक्षपदी क्रिस्तीन लगार्द आल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. पुढे त्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या प्रमुख झाल्या. भागीदारांनी त्यांना निवडून दिले होते. एकच मालक असता तर निवडणूक कशाला लागली असती? शिवाय अशा कित्येक फर्मा स्विस कायद्यातल्या 'फेराइन' या रचनेवर उभ्या आहेत. नाव एक, पण देशोदेशीच्या संस्था कायद्याने वेगळ्या. अशाच रचनेच्या डेंटन्स फर्मने २०१५ मध्ये चीनच्या दाचेंग या फर्मशी हातमिळवणी केली तेव्हा वकिलांच्या संख्येत ती जगात पहिली ठरली. २०२३ मध्ये दोघी वेगळ्या झाल्या आणि हजारो वकील त्या आकड्यातून वजा झाले. जोडलेले माप असेच सुटते.

आता कोर्टाच्या दारांबद्दल. सगळ्यात जास्त दिशाभूल इथे आहे. १९९० च्या दशकात व्हाइट अँड केस, चॅडबर्न अँड पार्क आणि अ‍ॅशहर्स्ट या तीन परदेशी फर्मांना रिझर्व्ह बँकेने भारतात संपर्क कार्यालये काढायची परवानगी दिली. त्याविरुद्ध लॉयर्स कलेक्टिव्ह ही वकिलांची संस्था १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले. निकाल लागला १६ डिसेंबर २००९ ला. आम्ही कोर्टात उभे राहतच नाही, फक्त मसुदे करतो आणि सल्ला देतो, मग वकील कायदा आम्हाला कसा लागू होईल, असा फर्मांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. मसुदे करणे आणि सल्ला देणे हीसुद्धा वकिलीच, आणि १९६१ च्या कायद्याच्या कलम २९ प्रमाणे ती सनद असलेल्या वकिलानेच करायची. आमचा गोवा याच उच्च न्यायालयाखाली येतो, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

१३ मार्च २०१८ ला ए. के. बालाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक खिडकी ठेवली. परदेशी वकिलाने अधूनमधून येऊन आपल्या देशाच्या कायद्यावर सल्ला दिला तर चालेल, पण येणे नेहमीचे झाले तर ती वकिलीच. मार्च २०२३ मध्ये बार कौन्सिलने, म्हणजे देशातल्या वकिलांच्या नियामक संस्थेने, नियम केले. परदेशी कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा आणि आंतरराष्ट्रीय लवाद यांपुरते काम, तेही परस्पर सवलतीच्या तत्त्वावर, म्हणजे त्या देशाने आपल्या वकिलांना तशीच मुभा दिली तर. कोर्टात किंवा न्यायाधिकरणात उभे राहता येत नाही. मालमत्तेची खरेदीखते आणि मालकी हक्काची तपासणी ही कामे तर नाव घेऊन वगळली आहेत.

म्हणजे गोव्यातल्या जमिनीचा मुद्दा तिथेच निकालात निघतो. तरी त्यावर थोडे बोलतो, कारण हे काम काय असते ते बाहेरच्यांना कळत नाही. पोर्तुगीज नागरी संहिता इथे १ जुलै १८७० पासून लागू झाली. वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटून देण्याची कोर्टातली कार्यवाही) यांसाठी गोव्याने २०१२ मध्ये स्वतःचा कायदा केला, तो २२ डिसेंबर २०१६ पासून अमलात आला. एका इन्व्हेंटरीत मी होतो, तिघा भावंडांची. धाकटा इंग्लंडात स्विंडनला, फोनवर. खत पोर्तुगीज हस्ताक्षरातले, शाई उडालेली. घर वाटून घेता येण्याजोगे नव्हते, म्हणून वारसांतच बोली लागली, कोर्टात तिला लिसिटेशन म्हणतात. दोघे भाऊ बोली चढवत होते. तासभर गप्प बसलेल्या थोरल्या बहिणीने सगळ्यात वरचा आकडा सांगितला आणि म्हणाली, "तुळशीला पाणी मीच घालते." घर तिच्या वाट्याला आले, भावांना हिश्शाचे पैसे. खत वाचणे, पत्नीचा अर्धा हिस्सा ध्यानात ठेवणे, कोण कोणाशी बोलत नाही हे ओळखणे, हे काम लंडनहून होत नाही.

उरली कुवत. १९५६ च्या कंपनी कायद्याप्रमाणे वीसपेक्षा जास्त भागीदारांची फर्म इथे चालवता येत नव्हती. इंग्लंडने सॉलिसिटरांसाठी ही मर्यादा १९६७ मध्ये काढली. आपल्याला एलएलपीचा, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा, मार्ग मिळाला २००८ मध्ये, म्हणजे ४१ वर्षे उशिरा. त्यात बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला जाहिरात बंद. हात बांधून पळायला लावायचे आणि मागे पडला तर कुवत नाही म्हणायचे, हा अन्याय आहे.

मेसेजमध्ये खरे इतकेच, की परदेशी कायद्याचा सल्ला आता त्या देशाचा वकील इथे बसून देऊ शकतो. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्मनोंद करायला निघालेल्या कुटुंबाला पोर्तुगीज कायद्याचा सल्ला पोर्तुगीज वकिलाने दिला तर मला त्यात वावगे काही दिसत नाही.

त्या मुलीला मी सोमवारी बोलावले आहे. नवी इन्व्हेंटरी आहे, अकरा वारस. यादी तिने करायची.