आईचा 'मी-टाइम' आणि वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप

दरवर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, मदर्स डेला, आयांचे लाड करायची लाट येते. फेशियलवर सूट, स्पाचं कूपन, 'आज किचनला सुट्टी'. गंमत म्हणजे हा रविवार आपल्याकडे ऐन वाळवणांच्या दिवसांत येतो. गच्चीवर कुरडया आणि सांडगे, स्वयंपाकघरात लोणच्याच्या कैऱ्या, मुलांना सुट्टी म्हणून दर तासाला "आई, काहीतरी खायला दे", शिवाय मुक्कामाला नणंद आणि भाचेमंडळी. त्यात त्या आईने तोंडाला मुलतानी माती फासून, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडून राहायचं. काकडी कोण चिरणार आणि नंतर विळी कोण धुणार, हे जाहिरातीत नसतं.

पार्लरला माझा विरोध नाही. मी जाते, आवडतंही. पण तिथे मान मागे टेकवून बसलं तरी आत काय चालू असतं? दूध विरजायचं राहिलं. गॅस बुक करायचाय. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात. हात मोकळे, डोकं ड्युटीवरच. म्हणून माझं मत असं झालंय की आईला तासाभराची सुट्टी देऊन फारसं काही साधत नाही. घरातलं एखादं अख्खं काम तिच्या डोक्यातून कायमचं निघालं पाहिजे, करण्यासकट आणि लक्षात ठेवण्यासकट.

"तू फक्त सांग, मी लगेच करतो." हे वाक्य निम्म्या घरांत ऐकू येतं आणि म्हणणारा माणूस बहुतेकदा मनापासून म्हणत असतो. पण सांगायचं तर आधी आठवायला हवं, समोरच्याचा मूड बघून सांगायला हवं, मग झालं का ते पाहायला हवं, आणि "झालं का?" असं विचारलं की कटकटीचा शिक्का वेगळाच. त्यापेक्षा ती स्वतःच उठते.

आमच्याकडे यावर निघालेला तोडगा सांगते. धाकट्याच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. ज्यांना माहीत आहे त्यांच्या अंगावर आत्ताच काटा आला असेल. रात्री दहाला मेसेज पडतो: उद्या ग्रीन डे आहे, हिरवा टी-शर्ट आणि एक हिरवी भाजी. खाली चाळीस अंगठे. त्याखाली एक प्रश्न, 'पालक चालेल का?' ग्रुपचं नाव पालकांचा ग्रुप, आत सगळ्या आया. मी माझ्या जागी नवऱ्याचा नंबर घालायला सांगितला आणि बाहेर पडले. नुसतं म्यूट करून भागत नाही, आपण डोकावतोच. सुरुवातीला गोंधळ झाला. पोरगं ग्रीन डेला पांढऱ्या गणवेशात गेलं, चार्टपेपर कधीच वेळेवर मिळाला नाही. मैत्रिणी मला फोन करून सांगायच्या, "अगं, मेसेज बघितलास का?" मी म्हणायचे, "त्याला कर ना फोन." आता त्याला कोणत्या मिसला काय लागतं ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. फेशियलने माझ्यात असा फरक कधी पडला नव्हता.

हे माझ्या एकटीच्या घराचं रडगाणं नाही. केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात २०१९ साली बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. २०२४ साली पुन्हा मोजलं, तर बायकांची २८९ आणि पुरुषांची ८८. म्हणजे आपली दहा मिनिटं वाचली, त्यांनीही नऊ वाचवून घेतली! आणि ही सरासरी फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची आहे; जे काडी इकडची तिकडे करत नाहीत ते यात धरलेलेच नाहीत.

आपल्या आज्यांना यातलं मर्म कळत होतं, निदान सव्वा महिन्यापुरतं. पहिलं बाळंतपण माहेरी. मालीशवाली बाई, शेक, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवणानंतर बाळंतशेपा. लाडू सगळ्यांच्या लक्षात राहिले, पण खरा आराम लाडवांत नव्हता. बाळंतिणीने चुलीपाशी जायचं नाही, तिच्या ताटाची चिंता दुसरीने करायची, बाळाला न्हाऊ घालायला तिसरी, आणि यात कुणाला काही उपकार केल्यासारखं वाटत नसे. सगळंच गोड होतं असं नाही. कोंदट खोली, उन्हाळ्यातही कान बांधलेले, पाणी बेतानं आणि वर सोयरसुतक. सव्वा महिना सरला की एका दिवसात सगळं परत तिच्या अंगावर. आज डिंकाचे लाडू घरपोच येतात, मालीशचं तेल सुबक बाटलीत मिळतं. ताटाची चिंता करणारी ती दुसरी बाई मात्र मिळत नाही, कारण ती आता स्वतः नोकरीला जाते, आणि तिने जावंच. तिची जागा घरातल्या पुरुषाने घ्यायची होती. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर १५ दिवसांची रजा असते. सव्वा महिन्याच्या मानाने चणेफुटाणेच, पण कित्येक खासगी नोकऱ्यांत तेवढेही नाहीत.

नव्या आयांसाठी एक मध्येच सांगून ठेवते. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते बहुतेकींना येतं. पण दोन आठवडे उलटले तरी थांबत नसेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, तर "होतं असं" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. डॉक्टरांना सांगा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन केला तर मराठीतून बोलता येतं.

तब्येतीचं तर बोलायलाच नको. मुलाचं जन्माचं वजन ग्रॅमसकट तोंडपाठ असलेल्या किती जणींना स्वतःचं एचबी माहीत असतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त! शेवटी जेवायला बसायचं, भाजी संपलेली, मग लोणच्याशी पोळी आणि वर "मला भूकच नव्हती". माझ्या बहिणीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. ती त्या सकाळच्या चहाबरोबर घेत होती, कारण दिवसात बसून प्यायची गोष्ट तेवढी एकच. चहाने लोह अंगी लागत नाही. तास-दोन तास अंतर ठेवून, लिंबूपाण्यासोबत घेतली तर उपयोग होतो. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि महिनोन्महिने सगळे तिला विचारत होते, "गोळ्या घेतेस ना वेळेवर?"

एक गोष्ट मात्र मलाही टोचते. माझ्या डोक्यावरचा भार उतरला त्यात नवऱ्याचा वाटा आहे, तसा आमच्या मावशींचाही आहे. त्याही आईच आहेत. चार घरची भांडी उरकून त्या घरी जातात तेव्हा त्यांची २८९ मिनिटं सुरू होतात. घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा आपल्या राज्यात २००८ सालीच झाला, पण आठवड्याची सुट्टी आजही मालकिणीच्या मर्जीवर. दांडी मारली की आपणच वैतागतो. आमच्याकडे आता रविवारी त्यांना भरपगारी सुट्टी असते. शेजारच्या एक-दोघींना ते रुचलेलं नाही, "तुम्ही सवयी बिघडवताय" म्हणाल्या. बिघडू देत. रविवारची भांडी बाप-लेक घासतात, कढईच्या बुडाशी काळं राहतं, आणि त्यावरून त्या दोघांचंच आपापसात भांडण होतं.