रविवारी सर्फिंगला निघालेल्या बेळगावकरांस

गेल्या रविवारी गोव्यात मोरजीच्या पाण्यात एका सद्गृहस्थाचा आठ फुटी बोर्ड माझ्या बरगडीत बसला. गृहस्थ वर आले, नाकातलं पाणी शिंकरलं आणि म्हणाले, "काय ओ, बघून थांबायचं की!" ते "ओ" ऐकलं आणि ओळखलं. आपलेच. टिळकवाडी, नाही तर शहापूर. त्या दिवसापासून खोकलं तरी कळ येते. घरी बसलोच आहे, तर पुढच्या रविवारी निघणाऱ्या होतकरूंना चार गोष्टी सांगून टाकतो.

निघायची घाई करू नका. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, लाट गुळगुळीत उभी राहते. ही वेळ झोप न येणाऱ्यांची. तुम्ही आठला पिरनवाडी सोडा, जांबोटीला नाश्ता करा, कणकुंबीला मलप्रभेच्या उगमापाशी फोटो काढा आणि चोर्ल्याच्या प्रत्येक वळणावर गाडी थांबवून रील करा. तुम्ही पोचेपर्यंत ऊन तापतं, वारा उलटतो आणि समुद्राकडून येऊन लाटा विस्कटून टाकतो. मग "इथं लाटाच नाहीत रे, फुकट आलो" म्हणायला मोकळे.

बोर्ड सगळ्यात छोटा आणि टोकदार मागा. शिकाऊ माणसाला लांब, जाड, फोमचाच बोर्ड तोलतो हे खरं, पण फोटोत तो बरा दिसत नाही.

शिकवणाऱ्या पोराचं ऐकू नका. आपण गावच्या विहिरीत पोहलोय.

आधी दोन बिअर घ्या, तोल सुधारतो. बाटलीचं काय करायचं ते तुम्हाला सांगायला नकोच.

आता मुख्य मुद्दा. लाट कुणाची? जगभर साधा रिवाज आहे: लाट जिथं आधी फुटायला लागते, त्या जागेच्या जो सर्वांत जवळ, लाट त्याची. बाकीच्यांनी थांबायचं. होनोलुलूच्या वायकीकीला, सिडनीच्या बाँडायला एकेका लाटेवर दहाजण टपलेले असतात, तिथंही याच रिवाजावर चालतं. तुम्ही मात्र मानू नका. आपण १९५६ पासून महाराष्ट्रात जायच्या हक्कासाठी भांडणारी माणसं. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आपण मानला नाही, २००४ पासून प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे, मग पाण्यातला रिवाज कोण विचारतो? दुसरा आधीच उभा राहून लाटेवरून येतोय ना? नेमका त्याच्यापुढं बोर्ड घाला. तो ओरडला तर हात हलवा. पडला तर हसा. बोर्डाखालचे फिन सुरीच्या पात्यासारखे असतात, डोक्याला लागले तर टाके पडतात, पण डोकं त्याचं. परत आत जातानाही लांबून वळसा कशाला? येणाऱ्यांच्या वाटेतूनच हात मारत जा, आणि समोर मोठी लाट दिसली की बोर्ड सोडून खुशाल बुडी मारा. आठ फुटांचा बोर्ड, घोट्याला बांधलेली तेवढीच दोरी (लीश), म्हणजे तुमच्या मागं सोळा फुटांपर्यंत तो बोर्ड कुणावरही आदळू शकतो. त्या दिवशी मागं मी होतो. माझ्याशेजारी एक आठ-दहा वर्षांची पोरगी शिकत होती. हातभर इकडं आला असता तर तिच्या तोंडावर बसला असता. मान वळवून मागं बघायला काय जातं हो तुमचं? सीमाभागात आपल्यावर अन्याय झाला म्हणून पोटतिडकीनं बोलता, आणि पाण्यात उतरल्या उतरल्या दुसऱ्याची लाट हिसकावता?

असो. उपदेश चालू होता. धोक्याचा लाल बावटा फोटोला छान, त्याच्याखालीच उभे राहा. लीश काचत असेल तर सोडून ठेवा. लाटांच्या मधे एखादा पट्टा सपाट, शांत दिसला तर बायकापोरांना तिथंच...

नाही, हे थट्टेत लिहवत नाही. तो शांत पट्टाच आत ओढतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी तिथूनच परत समुद्रात जातं, म्हणून तिथं लाट फुटताना दिसत नाही. दरवर्षी आपल्याकडची तरणीताठी पोरं गोव्यात बुडाल्याच्या बातम्या वाचता, हळहळता, आणि पुढच्या रविवारी जीन्स घालून त्याच पाण्यात कमरेपर्यंत शिरता. लाज वाटत नाही? प्रवाहानं ओढलं तर किनाऱ्याकडं तोंड करून हात मारत दमू नका. किनाऱ्याला समांतर जा, ओढ संपली की बाहेर या. बोर्ड असेल तर त्याला चिकटून राहा. पावसाळ्यात तर पाण्यात पाऊलच घालू नका. पिऊन उतरू नका. आणि जीवरक्षकानं शिट्टी मारली की "दोनच मिनिटं, अण्णा" नको. त्याच्याशी मराठीत, कानडीत, कोकणीत, कुठल्याच भाषेत हुज्जत घालू नका. निमूट बाहेर निघा.