हसू नका, उसासा टाका

अमेरिकन सिटकॉममध्ये, म्हणजे टीव्हीवरच्या विनोदी मालिकांमध्ये, आता पूर्वीची मजा राहिली नाही, असं चारचौघांत म्हणायचं तर नुसती तळमळ पुरत नाही, तयारी लागते.

आधी नमुने नीट निवडा. जुन्यांतून 'आय लव्ह लूसी', 'मॅश', 'चीअर्स', 'साइनफेल्ड' घ्या. नव्यांतून काल जेवताना लावून दहाव्या मिनिटाला बंद केलेली कोणतीही एक पुरे. १९६५ सालाकडे मात्र फिरकू नका. त्या वर्षी 'माय मदर द कार' आली होती: नायकाची दिवंगत आई १९२८ च्या मोटारीच्या रूपात पुनर्जन्म घेते आणि गाडीतल्या रेडिओवरून लेकाशी बोलते. याचे ३० भाग निघाले. कुणी विषय काढलाच, तर 'अपवाद' म्हणून चहा मागवा. नव्वदच्या दशकात स्टार प्लसवर हिंदीतून 'स्मॉल वंडर' पाहिलेल्यांनी जास्त जपावं. यंत्रमानव व्हिकी मायेने आठवत असेल, तर तशीच आठवू द्या. पुन्हा पाहायला घेतलीत, तर ती माया दुसऱ्या भागापर्यंत टिकायची नाही.

मग हशा. 'तेव्हा माणसं खरोखर हसायची' हे वाक्य पाठ करा. ते अर्धं खरंही आहे. 'लूसी' १९५१ पासून प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी, ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित व्हायची. उरलेलं अर्धं चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाच्या पेटीत होतं. आत ध्वनिफितींची वेटोळी, वर बटणं: हे दाबलं की खुदखुद, ते दाबलं की गडगडाट. 'ब्रेडी बंच'सारख्या एका कॅमेऱ्याच्या मालिकांत समोर प्रेक्षक नसायचेच, सगळं हसू भरलेलं. लष्करी रुग्णालयात घडणाऱ्या 'मॅश'च्या निर्मात्यांना तर ते नकोच होतं. वाहिनीशी घासाघीस करून शस्त्रक्रियेच्या प्रसंगांपुरती सुटका मिळाली. ब्रिटनमध्ये बीबीसीने ही मालिका हशाविना दाखवली आणि तिथले लोक आपले आपण हसले. हे कुणाला सांगू नका.

विरोधक हमखास 'फ्रेंड्स'मधला हशा पुसलेली चित्रफीत दाखवतील. त्यात रॉस एखाद्या माथेफिरूसारखा टक लावून उभा दिसतो. डगमगू नका. समोरचं हसू ओसरेपर्यंत नट थांबतात. हसू काढून घेतलं की ते दोन-तीन सेकंद उघडे पडतात. बचाव चोख आहे. फक्त हशाच नसलेल्या 'द ऑफिस'मध्ये तीच जागा कॅमेऱ्याकडे टाकलेल्या नजरेने भरून काढतात, हे कुणी म्हणालं की आवाज चढवा.

आकडे फेकावेत, पण अर्धेच. १९८३ साली 'मॅश'चा शेवटचा भाग अमेरिकेत १० कोटींहून जास्त लोकांनी पाहिला, हे खणखणीत आवाजात. तेव्हा मोठ्या वाहिन्या तीनच होत्या, हे पुटपुटत.

भागांच्या संख्येवर बोलताना मात्र सांभाळून, कारण तिथे तुमचं म्हणणं बरोबर निघण्याचा धोका आहे. 'फ्रेंड्स'चे दहा हंगामांत २३६ भाग झाले, म्हणजे हंगामाला साधारण २४. त्यातले चार फसले तरी चालायचं, तोवर दुय्यम पात्रंही घरची होऊन जायची. 'चीअर्स'ला १९८२ मध्ये प्रेक्षकच मिळेनात, तरी वाहिनीने थांबून पाहिलं आणि मालिका ११ हंगाम चालली. आजच्या आठ भागांत माणसांची ओळख होते न होते तोच हंगाम आटोपतो. त्यात स्वयंपाकघरातल्या आरडाओरड्याने घाम फोडणारी 'द बेअर' २०२४ मध्ये विनोदी विभागातून टीव्हीचे ११ एमी पुरस्कार घेऊन जाते. इतका सबळ पुरावा हाती आला की आपण लगेच 'आजकाल काही बोलायचीच सोय नाही' या जुन्या रडगाण्यावर यावं, म्हणजे समोरचा निर्धास्त होतो.

शेवटी पडदा. जुनं बघायचं तर जुन्या टीव्हीच्या जवळजवळ चौरस, ४:३ चौकटीतच बघा. २०२१ मध्ये 'साइनफेल्ड' नेटफ्लिक्सवर आली ती आजच्या रुंद १६:९ चौकटीत, वरून-खालून कापून. रस्त्यातल्या खड्ड्यावरच्या भागात जेरी आणि जॉर्ज खाली बघतात आणि खड्डा चौकटीबाहेर! उसासा इथे टाका. रस्त्यात खड्डा दिसत नाही अशी तक्रार करण्याची संधी मराठी माणसाला पुन्हा मिळायची नाही.