"जुनी फ्रेम म्हणजे नुसती अडगळ": एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. दोन ओळीत उत्तर देऊन मोकळी होणार होते पण लिहायला बसले तर ते वाढतच गेलं, म्हणून इथे वेगळं टाकतेय. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगते. जुन्या लाकडी फ्रेमवर हाताने क्विल्ट (तीन थरांची गोधडी) शिवण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर ताईंचं म्हणणं असं की ही फ्रेम म्हणजे नुसती अडगळ, तेच काम हूपवर, म्हणजे कापड ताणायच्या गोल कड्यावर, आरामात होतं. जुनं लाकूड हवेप्रमाणे फुगतं आणि आकसतं म्हणून ताण बदलतो आणि टाके वाकडे येतात. लाकडाचे डाग कापडावर पडतात. आणि मी कडेपासून शिवायला सांगितलं ते साफ चुकीचं, क्विल्ट मधूनच सुरू करायचं असतं, नवशिक्यांची मी दिशाभूल करतेय.

दिशाभूल म्हणालात म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मधून सुरू करायचा नियम आला कुठून ते बघा ना. हूपमध्ये एका वेळी फूट-दीड फुटाचा गोल ताणलेला असतो, बाकी सगळं मांडीवर लोंबत असतं. वरचं कापड, मधलं बॅटिंग (आतला मऊ भराव) आणि खालचं अस्तर हे तिन्ही थर एकमेकांवर सरकतात, शिवता शिवता थोडाथोडा झोळ पुढे ढकलला जातो आणि तो शेवटी कडेने निघून जावा म्हणून मधून बाहेर जायचं. उलट केलं तर झोळ मधे कोंडतो आणि अस्तरावर चुणी पडते. इथपर्यंत तुमचं शंभर टक्के बरोबर. पण फ्रेमवर तिन्ही थर आधीच पूर्ण रुंदीत सपाट ताणून बसवलेले असतात, ढकलायला झोळच नसतो. आणि चार पट्ट्यांची मोठी फ्रेम असेल, ज्यावर अख्खं क्विल्ट पसरलेलं असतं, तर मधून सुरू करणार कसं, हात पोचायला हवा की नको? म्हणून तर अशा फ्रेमभोवती बसून चार-सहा जणी शिवायच्या तेव्हा आपापल्या कडेपासून आत यायच्या, आणि शिवून झालेलं दांड्यावर गुंडाळत जायच्या. रोलरवाल्या, म्हणजे दोन फिरत्या दांड्यांच्या फ्रेमवर एका टोकाला सुरू करायचं, हात पोचेल तेवढा पट्टा या काठापासून त्या काठापर्यंत शिवायचा, आणि मग तो आपल्याकडच्या दांड्यावर गुंडाळून पुढचा उघडायचा. अट एकच, चढवताना सरळ चढवलेलं पाहिजे. तिरकं चढलं असेल तर मधूनच काय, कुठूनही सुरू करा, काही वाचत नाही.

आता हूपवर तेच काम होतं का? टाके तेच पडतात, हे मान्य. पण हूपवर घ्यायच्या आधी काय करावं लागतं ते तुम्ही लिहिलंच नाहीत. जमिनीवर अस्तर पसरा, कडा चिकटपट्टीने चिकटवा, बॅटिंग टाका, वरचं कापड टाका आणि गुडघ्यांवर रांगत रांगत चार-चार बोटांवर कच्चे टाके घाला नाहीतर सेफ्टी पिना लावा. ते सगळं नंतर काढायचंही असतं. फ्रेमवर हे कामच गळतं. अस्तर दोन्ही दांड्यांना टाचलं, त्यावर बॅटिंग, त्यावर वरचं कापड, कडांना तेवढे कच्चे टाके घातले की झालं, बसा शिवायला. माझ्यासारख्या गुडघेदुखीवाल्या बाईला फ्रेम हवी असते ती यासाठी, जुन्या वस्तूंचं प्रेम वगैरे नंतर.

लाकडाचं बोलू. लाकूड फुगतं, आकसतं, खरंय, पण कुठल्या दिशेला? लाकडाच्या रेषांना आडवं. ओलं लाकूड पार सुकेपर्यंत लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के कमी होतं, आणि आडवं मात्र ५ ते १० टक्क्यांपर्यंतही जातं. म्हणजे अडीच मीटरच्या दांड्यात सगळा मिळून अडीच ते पाच मिलिमीटर फरक, तोही तो दांडा ओला असल्यापासूनचा, आणि जुन्या फ्रेमचं ते कधीच होऊन गेलंय. दोन दांड्यांमधलं अंतर ठरवतात बाजूच्या पट्ट्या आणि त्याही लांबीतच बसवलेल्या असतात. मग आडव्या आकसण्याने होतं काय, तर गोल दांडा थोडा लंबगोल होतो, भोकं बिघडतात, खुंट्या खडखडायला लागतात. त्याला क्लॅम्प लावला की मिटलं. हवेने ताण बदलतो तो मुख्यतः कापडामुळे, सुती कापड ओलावा घेतं आणि सोडतं, आणि ते नव्या फ्रेमवरही होणारच. म्हणून रोज उठताना ताण थोडा सैल करून उठायचं आणि बसताना हात फिरवून बघायचं.

खरा घातक दोष म्हणजे बाक, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. दांडा मधे वाकलेला असेल तर कडेला कापड ताठ आणि मधे ढिलं, किंवा उलट. दोन टोकांना दोरी ताणून धरा आणि दांडा फिरवत फिरवत सगळ्या बाजूंनी बघा, फट दिसली की समजायचं. चौकोनी पट्टीला थोडा बाक असेल तर पोट बाहेरच्या बाजूला करून लावायचं, ताणाने ती बरीच सरळ होते. रोलरला हा उपाय चालत नाही कारण गुंडाळलं की पोटही फिरतं. तो दांडा बदलायचा, त्यात जीव अडकवायचा नाही.

टाके वाकडे येण्याचं कारण बहुतेक वेळा लाकूड नसतंच, ताण जास्त असतो. फ्रेम दिसली की लोक कापड ढोलासारखं ताणतात. हाताची क्विल्टिंगची रीत आठवा. एक हात खाली, त्याचं बोट अस्तराला टेकलेलं. वरून सुई उभी घालायची, टोक खालच्या बोटाला जेमतेम लागलं की मधल्या बोटावरच्या थिंबलने (बोटाच्या टोपणाने) सुईचं मागचं टोक आडवं पाडायचं, त्याच वेळी खालच्या बोटाने कापड किंचित वर उचलायचं आणि वरच्या अंगठ्याने सुईच्या पुढचं कापड दाबायचं, टोक वर डोकावलं रे डोकावलं की सुई परत उभी. असे तीन-चार टाके सुईवर चढले की एकदम ओढायचे. खालचं बोट कापड उचलणार कसं, जर त्यात ढीलच नसेल? मग सुई तिरकी घुसते, वर छान दिसतं आणि अस्तरावर एक टाका लांब, एक गायब. तळवा ठेवून हलकं दाबलं तर कापड दोनेक सेंटिमीटर खाली गेलं पाहिजे, एवढी ढील मी ठेवते. सुई ९ किंवा १० नंबरची आखूड, आणि सुरुवातीला इंचाला वरून दिसणारे पाच-सहा टाके आले तरी पुष्कळ झाले. आठ-दहा नंतर येतात.

फ्रेमला नावं ठेवायचीच तर मी सांगते कशासाठी ठेवायची. काम फिरवता येत नाही! हूप गरागरा फिरवून प्रत्येक रेघ आपल्या सोयीच्या दिशेने आणता येते. फ्रेमवर आपणच फिरायचं. उजव्या हाताने शिवणाऱ्याला उजवीकडून डावीकडे आणि स्वतःकडे शिवणं सोपं, स्वतःपासून लांब शिवायचं तर अंगठ्यावर थिंबल चढवून ढकलायला शिकावं लागतं, आणि ते शिकेपर्यंत फार चिडचिड होते. मोठं गोल डिझाईन पट्ट्यात अर्धंच दिसतं, तिथे सुई-दोरा तसाच वर ठेवून पुढच्या गुंडाळीची वाट बघायची. शिवाय जागा. क्विल्टपेक्षा लांब दांडे, आणि वर दोन्हीकडे खुर्ची सरकवायला जागा. ती नसेल तर सरळ हूप घ्या, त्यात कमीपणा काही नाही. (घरात मांजर असेल तरी हूपच घ्या. ताणलेली फ्रेम ही आपल्यासाठीच बांधली अशी त्यांची खात्री असते.)

डागांबद्दल तुमचं अगदी खरंय आणि ते मी मूळ लेखातही लिहिलं होतं, कदाचित नजरेतून सुटलं असेल. लाकडात आम्ल असतं, ओकमध्ये तर जास्तच, आणि कापड महिनोन्‌महिने उघड्या लाकडाला टेकून राहिलं तर पिवळट तपकिरी पट्टा उमटतो. जुने लोखंडी खिळे त्याहून वाईट, गंजाचा डाग तर पडतोच, शिवाय तिथलं सूत कुजून पुढे भोक पडतं. म्हणून जुने खिळे सगळे उपटायचे, धुतलेला मांजरपाट दांड्यावर एक-दोन वेढे बसतील एवढा रुंद घ्यायचा, स्टेनलेसच्या खिळ्यांनी ठोकायचा आणि क्विल्ट त्या मांजरपाटाला टाचायचं, लाकडाला कधीच नाही. तेलपाणी अजिबात करू नका, तेल कापडात उतरतं. आणि जवसाचं तेल लावलेला बोळा कोपऱ्यात टाकून ठेवला तर आपोआप पेटू शकतो, हे फार लोकांना माहीत नसतं. फ्रेमवर जुना रंग असेल तर कोरडा पॉलिशपेपर मारत बसू नका, जुन्या रंगात शिसं असायचं, अमेरिकेतसुद्धा घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये.

राहता राहिला हूप. रात्रभर कापड हूपमध्ये अडकवून ठेवलं तर गोल वळ पडतो आणि त्या वळात मळ बसतो, तेव्हा डागांच्या बाबतीत तोही काही धुतल्या तांदळाचा नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत की घरात अशी एक फ्रेम पडून आहे, एका बाजूचं दातेरी चाक तुटलंय, टाकून देऊ का. चाकासाठी टाकू नका. दांड्याच्या टोकाजवळ आरपार भोक पाडा, त्यात सळई घाला, दांडा हवा तेवढा फिरवला की ती सळई बाजूच्या पट्टीला दोरीने घट्ट बांधायची, अगदी छान धरून राहतं. पण त्याआधी दांडे काळ्या कागदावर उभे करून आपटून बघा. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं जुनी असू शकतात, त्यांनी काही बिघडत नाही, पण कागदावर फिकट ताजी पूड पडली तर कीड आत जिवंत आहे. मग मात्र ती फ्रेम घरातल्या बाकीच्या लाकडापासून लांब ठेवा आणि कीड मरेपर्यंत तिच्यावर कापड चढवू नका.