पंख्यावरचं नाव

लंडनहून परतून महिना झाला, तरी पानठेल्यासमोरून सुखानं जाता येत नाही. "काय पाह्यलं जी गुरुजी लंडनात?" मी खरं ते सांगितलं, "चर्च पाहिलं," आणि फसलो.

पुतण्यानं मला भर शहरात नेलं होतं. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या समोरच मेथडिस्ट नावाच्या ख्रिस्ती पंथाचं चर्च, मेथडिस्ट सेंट्रल हॉल, १९१२ सालचा. टोकदार शिखर शोधता शोधता माझी मान अवघडली. वर बघतो तर कोर्टाच्या इमारतीसारखा घुमट! दारात सवयीनं बूट काढायला वाकलो. आमच्या तालुक्यातल्या मिशनच्या चर्चबाहेर चपलांचा ढीग असतो. (माझी तिथं दोनदा बदललीही आहे.) "काका, इथं नाही काढत!" पुतण्या कुजबुजला. तोवर लेस सुटली होती आणि कंबर धरली होती. संयुक्त राष्ट्रांची पहिली आमसभा १९४६ च्या जानेवारीत जिथं भरली, त्या दारात मी काटकोनात उभा.

१९६६ साली फुटबॉलचा वर्ल्डकप इथूनच चोरीला गेला आणि आठवड्यानं पिकल्स नावाच्या कुत्र्याला झुडपाखाली सापडला, हे मी पानठेल्यावर रंगवून सांगितलं.

"माही इहिरीवरची मोटर गेली, तवा कोनतं कुत्रं आलं?" एकानं विचारलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला खरं सांगायचं होतं ते वर्गणीचं. या मेथडिस्टांनी दहा लाख माणसांकडून माणशी एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, गोळा करायचं ठरवलं. पैसे देणाऱ्यांच्या नावांचे जाडजूड पन्नास खंड भरले. त्या निधीतूनच हा हॉल उभा राहिला, तोही रॉयल ॲक्वेरियम नावाचं करमणुकीचं ठिकाण होतं त्या जागेवर. आमच्या मारुतीच्या मंदिराचं छत गळतंय, तेव्हा म्हटलं सांगावं.

"म्हंजे समद्याइची वर्गणी सारखीच?" कोषाध्यक्षांनी खर्रा घोटायचा थांबवला.

"सारखीच."

"पाच हजारवाल्याचं अन् पन्नासवाल्याचं नाव एकाच वहीत?"

"पाच हजार घ्यायचेच नाहीत ना!"

ठेल्यावर अशी शांतता पसरली की मी देवाचाच अपमान केला असावा.

"मंग देईन कोन जी?" कोषाध्यक्ष म्हणाले. "अन् फरशीवर काय कोरावं?"

कोपऱ्यातला एक गडी इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "माहं ठरलं. बाबाच्या नावानं पंखा देतो. तिन्ही पात्यांवर नाव."

मला राहवलं नाही. "अरे, पंखा फिरायला लागला की नाव वाचता येतं का?"

त्यानं माझ्याकडे मोठ्या दयेनं पाहिलं.

"गुरुजी, तुमी दोनच महिने लंडनात राह्यले अन् गाव इसरले. इथं लाइन राह्यते कुठी?"