एका ओळीच्या आदेशाने देशभर कायदा होत नाही

‘सर्वोच्च न्यायालयाने एका ओळीत याचिका फेटाळली, म्हणजे उच्च न्यायालयाचा निकाल देशभर कायदा झाला, तशाच वादातली अपिले आता काढून घ्या’, असा संदेश सध्या कोल्हापुरात मोबाईलवर फिरत आहे. आता सगळे दरवाजे बंद झाले, न्यायाधीश कागद वाचतच नाहीत, आणि कोल्हापुरात सर्किट बेंच (उच्च न्यायालयाचे खंडपीठ) आल्याने जुनी अपिले नव्याने चालतील, असेही त्यात म्हटले आहे. तो वाचून करवीर तालुक्यातल्या माझ्या आत्याने वाटणीच्या दाव्यातील आपले जिल्हा न्यायालयातले अपील काढून घ्यायचे ठरवले, म्हणून हे लिहावे लागत आहे.

घटनेच्या कलम १३६ खाली सर्वोच्च न्यायालयाकडे आधी अपील करण्याची परवानगी मागावी लागते. कारणे न देता ती नाकारली, तर न्यायालयाने या प्रकरणात हात घातला नाही एवढाच त्याचा अर्थ होतो. खालचा निकाल बरोबर आहे, असे ते म्हणत नाही. कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य या २००० च्या निकालात तीन न्यायमूर्तींनी हे स्पष्ट केले आहे की, अशा आदेशात खालचा निकाल विलीन होत नाही, म्हणजे तो खालच्या न्यायालयाचाच निकाल राहतो, आणि कलम १४१ नुसार देशभर बंधनकारक ठरणारा कायदाही त्यातून जाहीर होत नाही. आदेशात कारणे असतील, तर त्यांत सांगितलेला कायद्याचा मुद्दा बंधनकारक ठरतो. संदेशात सांगितलेला आदेश मात्र, त्याच्याच म्हणण्यानुसार, एका ओळीचा आहे. हीच भूमिका २०१९ मध्ये खोडे डिस्टिलरीज प्रकरणात पुन्हा मान्य झाली, आणि तिथे समोरचा पक्ष कर्नाटकातला एक सहकारी साखर कारखाना होता, हे निदान कोल्हापूरकरांच्या लक्षात राहावे. त्यामुळे ‘एका ओळीनंतर सगळे दरवाजे बंद’ हेही खोटे ठरते, कारण परवानगी नाकारल्यावरही उच्च न्यायालयात पुनर्विलोकन, म्हणजे त्याच निकालाचा फेरविचार, मागता येते.

सल्ला देणाऱ्याने परिणामांचा विचारच केलेला नाही. आत्याचे अपील पहिले आहे. त्यात साक्षीपुरावा आणि कायदा दोन्ही पुन्हा तपासले जातात. ते काढून घेतले, तर खालचा हुकूमनामा कायम होईल, आणि नव्याने अपील करायला गेल्यास तीस दिवसांची मुदत केव्हाच उलटलेली असेल.

‘न्यायाधीश कागद वाचतच नाहीत’ या वाक्यात अर्धे सत्य आहे, तेही नाइलाजाने मान्य करतो: काय वाचले आणि काय पटले नाही, हे एका ओळीतून पक्षकाराला कळत नाही. जिल्हा न्यायालयाला मात्र असे एका ओळीत फेटाळण्याची सवलत नाही; पहिल्याच सुनावणीत अपील फेटाळले, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ११ प्रमाणे त्याला थोडक्यात कारणे लिहावीच लागतात.

राहिला ‘सर्किट बेंच आल्याने जुनी अपिले नव्याने चालतील’ हा दावा. ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांची उच्च न्यायालयातली कामे कोल्हापुरात चालू लागली, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खालच्या दुसऱ्या अपिलासाठी, म्हणजे पहिल्या अपिलाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात करायच्या अपिलासाठी, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावाच लागतो, ही अट तशीच आहे.