"काम मिळालं ना, मग तक्रार कसली?" म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या नाशिकच्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की १९९१ नंतर बाजार खुला झाला, गरिबी घटली, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पोरांच्या हाताला काम मिळालं, त्यामुळे विषमता आणि सन्मानाचं काम वगैरे ही परदेशी फॅडं आहेत आणि कामगारांचे लाड केले तर कंपन्या नाशिक सोडून जातील. ओळखीच्या, चांगल्या माणसांनी पाठवलाय म्हणून एकेक मुद्दा घेतो.

गरिबी घटली, हे खरंच आहे. १९९० ला जगातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसं अतिगरीब होती, २०१९ पर्यंत ते प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आलं, त्यातही मोठा वाटा चीनचा, आणि चीनने बाजाराची दारं उघडली ती स्वतःच्या अटींवर. पण म्हणून वाटणी नीट झाली असं होत नाही. वर्ल्ड इनइक्वालिटी लॅब या विषमतेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या अभ्यासात २०२२-२३ ला भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा निघाला.

बाजार खुला झाला म्हणता, तर लासलगावच्या कांदा बाजारात जाऊन विचारा. ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात थेट बंदी, ती उठली मे २०२४ ला. भाव पडला की बाजाराचा नियम सांगायचा आणि भाव चढायला लागला की गेट बंद, मग शेतकऱ्यासाठी खुलं नेमकं काय झालं?

आता "काम मिळालं ना" हा मुद्दा, मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. कुठलं काम ते बघा ना. एकाच लाइनवर दोन पोरं उभी असतात, मशीन तेच, टार्गेट तेच, एक परमनंट आणि दुसरा कंत्राटी, पगारात मात्र कितीतरी फरक. काही महिने झाले की कंत्राटीवाल्याला "ब्रेक" देतात, म्हणजे थोडे दिवस कामावरून काढतात, मग कॉन्ट्रॅक्टर बदलतो, पोरगा तोच, मशीन तेच, फक्त कागदावर तो पुन्हा नवा. अशी वर्षं जातात, लग्नाची बोलणी अडतात, बँक होम लोन देत नाही कारण हातात नेमणुकीचं पत्रच नाही. हे काही एखाद-दुसऱ्याचं नाही, सरकारच्याच उद्योग पाहणीत २००० च्या आसपास कारखान्यातल्या पाच कामगारांत एक कंत्राटी होता, आता पाचात दोन आहेत. माल जगभर जातो, ऑर्डर कमी झाली की तोटा मात्र सगळ्यात आधी या पोराच्या घरात येतो.

परदेशी फॅड? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने "डीसंट वर्क" म्हणजे सन्मानाचं काम हा कार्यक्रम १९९९ ला मांडला, बरोबर, पण १९१९ ला ती संघटना स्थापन झाली तेव्हापासून भारत तिचा सभासद आहे. आणि त्याच्याही आधी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडेंनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० ला रविवारची सुट्टी मिळवून दिली. जी सुट्टी आपण सगळे घेतो ती कोणी लाड म्हणून दिलेली नाही, भांडून मिळालीये.

राहिली कंपन्या पळून जायची भीती. कंपनी जागा निवडताना जमीन, वीज, रस्ता, सप्लायर, शिकलेली माणसं हे सगळं बघते, मजुरी हा त्यातला एक भाग. आणि नियम कडक केले की धंदा बुडतो हे नाशिकने तरी बोलू नये. २०१० ला आपल्या द्राक्षात लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या फवारणीच्या औषधाचे अंश सापडले आणि युरोपात कंटेनर अडकले, तेव्हा केवढा हाहाकार झाला होता. त्यानंतर आपण काय केलं? रेसिड्यूची म्हणजे अशा उरलेल्या अंशांची तपासणी कडक केली, प्लॉटची नोंदणी, लॅबचा रिपोर्ट, मण्याचा आकार मिलिमीटरमध्ये, सगळं पाळलं आणि माल आजही युरोपात जातो. म्हणजे घेणाऱ्याने मागितलं की आपल्याला जमतं. त्याच बागेत पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातून आलेल्या बाया मांडवाखाली दिवसभर हात वर धरून विरळणी करतात, म्हणजे घडातले जादा मणी काढतात, संध्याकाळी खांदे उचलत नाहीत, काम उक्तं, म्हणजे जेवढं काम तेवढेच पैसे, त्यामुळे दिवस आजारपणात गेला की पैसेही गेले. मण्याची नोंद ठेवता येते तर या बाईच्या हजेरीची आणि मजुरीची का ठेवता येऊ नये? युरोपातल्या खरेदीदाराने तेही विचारावं, आणि त्याने नाही विचारलं तर आपल्या बागायतदारांनी, पॅकहाउसवाल्यांनी स्वतःहून सुरू करावं.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत काहींचे स्वतःचे युनिट आहेत. त्यांना माझं एवढंच विचारणं आहे की तुमच्या कॉन्ट्रॅक्टरकडच्या किती पोरांना नेमणुकीचं पत्र मिळालंय, आणि त्यांचा पीएफ खरंच भरला जातो का, हे याच आठवड्यात तपासून इथे ग्रुपवर सांगाल का?